भिंतीआड गेलो तरी मेलो: लॅग कॉम्पेन्सेशन मोजायचं कसं, लावायचं कसं आणि त्यानुसार खेळायचं कसं

"अरे भिंतीमागे गेलो होतो मी, तरी मेलो!" आणि "तोंडावर चार गोळ्या घातल्या त्याच्या, एकही लागली नाही!" ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळताना मित्रांच्या सर्व्हरवर एकाच रात्री या दोन्ही आरोळ्या ऐकू येतात आणि दोघंही एकमेकांच्या नेटला शिव्या घालतात. गंमत अशी की या दोन तक्रारींचं नातं उलटं आहे. सर्व्हरवर एक आकडा फिरवून पहिली कमी केली की दुसरी वाढते. लॅग, म्हणजे नेटवरून खबर जायला-यायला लागणारा उशीर, कुठल्याही सेटिंगने नाहीसा होत नाही. त्याचा भुर्दंड कुणी भरायचा, एवढंच आपण ठरवू शकतो.

हे ठरवायचं कसं ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून 'काउंटर-स्ट्राइक: सोर्स' आणि 'टीम फोर्ट्रेस २' घेतलेत, कारण व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनवर चालणाऱ्या या गेममध्ये स्वतःचा सर्व्हर उभा करता येतो आणि लॅग कॉम्पेन्सेशनच्या, म्हणजे त्या उशिराची भरपाई करण्याच्या, सगळ्या सेटिंग उघड्या आहेत. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' खेळणाऱ्यांच्या हातात त्यातलं फार थोडं असतं, पण हिशोब तोच लागू पडतो. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, कन्सोलमध्ये (गेममधली कमांड टाइप करायची खिडकी) अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

सर्व्हर मागे जातो म्हणजे काय करतो

तुमच्या स्क्रीनवरचा शत्रू नेहमी थोडा शिळा असतो. त्याची जागा सर्व्हरवरून तुमच्यापर्यंत यायला पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायच्या वेळेचा, साधारण निम्मा भाग जातो. आल्यावरही गेम ती लगेच दाखवत नाही. हालचाल सलग दिसावी म्हणून तो एकदोन अपडेट हातचे राखतो आणि त्यांच्यामधली जागा भरत चित्र काढतो. या मुद्दाम केलेल्या उशिराला इंटरपोलेशन म्हणतात, खेळणाऱ्यांच्या तोंडी 'लर्प'. मग तुम्ही ट्रिगर दाबता आणि ती खबर सर्व्हरपर्यंत जायला पिंगचा उरलेला निम्मा वेळ लागतो. म्हणजे गोळी सर्व्हरवर पोचते तेव्हा तुम्ही ज्याच्यावर नेम धरला होता तो माणूस पिंग अधिक लर्प इतका जुना झालेला असतो.

लॅग कॉम्पेन्सेशन नसेल तर तुम्हाला माणसाच्या पुढे, रिकाम्या जागेवर गोळी मारावी लागते. १९९९ मध्ये आलेला 'क्वेक ३' मूळ रूपात असाच होता. रेलगन घेऊन धावत्या माणसावर नेम धरायचा तर आपल्या पिंगचा अंदाज घेऊन पुढचा कोपरा हेरावा लागे. त्याआधी, १९९६ मध्ये, क्वेकचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकने 'क्वेकवर्ल्ड'मध्ये स्वतःच्या हालचालीपुरता उपाय काढला होता: बटण दाबलं की सर्व्हरची वाट न पाहता तुमच्याच कॉम्प्युटरने तुम्हाला पुढे सरकवायचं. गोळ्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. 'हाफ-लाइफ'च्या नेटकोडमध्ये, म्हणजे नेटवरून खेळ चालवणाऱ्या भागात, व्हॉल्व्हने तो सोडवला आणि त्यांच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये त्यावर सविस्तर निबंध मांडला. आजचे बहुतेक शूटर त्याच विचारावर चालतात.

विचार साधा आहे. प्रत्येक खेळाडू मागच्या काही क्षणांत कुठे कुठे होता याची नोंद सर्व्हर ठेवतो. गोळी आली की थर्ड अंपायरने फुटेज मागे न्यावं तसा तो बाकीच्यांना त्या जुन्या क्षणी उभं करतो, गोळी लागली का पाहतो, आणि सगळ्यांना परत आपापल्या जागी आणून ठेवतो.

आता मरणाऱ्याच्या बाजूने हिशोब करा. तुम्ही कोपरा ओलांडलात ही खबर सर्व्हरला उशिरा पोचते, मारणाऱ्याला आणखी उशिरा दिसते, त्याची गोळी यायला वेळ लागतो आणि 'तुम्ही मेलात' ही बातमी तुमच्यापर्यंत यायला पुन्हा वेळ. बेरीज: तुमचा पिंग, त्याचा पिंग आणि त्याचा लर्प.

समजा तुम्ही पुण्यात आहात, मुंबईच्या सर्व्हरवर तुमचा पिंग २० मिलिसेकंद. समोरच्याचा १२०, लर्प ३०. एकूण १७०. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ हातात घेऊन माणूस सेकंदाला साधारण २१५ युनिट धावतो, म्हणजे १७० मिलिसेकंदांत साडेछत्तीस युनिट. खेळाडूच्या चौकटीची रुंदी ३२ युनिट. थोडक्यात, तुमच्या स्क्रीनवर तुम्ही अख्खे भिंतीआड गेलेले असता, वर चार बोटं जास्तच, आणि तरी त्याची गोळी नियमाप्रमाणे लागलेली असते. त्याच्या स्क्रीनवर तुमची पाठ अजून दिसत होती. दोघंही खरं बोलतायत.

पीक करणाऱ्याचा फायदा

जास्त पिंगवाल्यालाच सगळा फायदा मिळतो, असा समज पक्का बसला आहे. तो अर्धाच बरोबर आहे.

पीक करणाऱ्याला, म्हणजे कोपऱ्यातून झपकन बाहेर येणाऱ्याला, समोर स्थिर उभा असलेला माणूस लगेच दिसतो. उभ्या माणसाला मात्र बाहेर येणारा उशिरा दिसतो: दोघांच्या पिंगची निम्मी बेरीज, अधिक उभ्या माणसाचा लर्प. वरच्याच आकड्यांनी पाहिलं तर १४० चे निम्मे ७० आणि लर्पचे ३०, एकूण १०० मिलिसेकंद. माणसाची प्रतिक्रिया २०० ते २५० मिलिसेकंदांची असते, तेव्हा हा फरक लहान नाही.

आता सूत्र नीट पाहा. पिंगची बेरीजच घ्यायची असल्याने पीक कुणीही केलं तरी उत्तर तेच येतं. २० वाल्याने पीक केलं तरी त्याला तेवढाच फायदा. १२० वाल्याचा पिंग दोघांनाही त्रास देतो, आणि फायदा जो हलतो त्याला होतो. उलट दोघं समोरासमोर येऊन एकाच क्षणी गोळी झाडतात तेव्हा कमी पिंगवाल्याची गोळी सर्व्हरवर आधी पोचते. सोर्समध्ये मेलेल्या माणसाची मागून आलेली गोळी धरली जात नाही, त्यामुळे तिथे जास्त पिंगवालाच हरतो. "मी पण झाडली होती ना!" ही तिसरी आरोळी इथून येते.

पायरी पहिली: आधी मोजा

सेटिंगला हात लावण्याआधी प्रत्येकाने कन्सोलमध्ये 'नेट_ग्राफ ३' टाकून दहा मिनिटं खेळावं. कोपऱ्यात पिंग, लर्प, लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे) आणि चोक (वेगमर्यादेमुळे अडून राहिलेली पॅकेट) दिसतात. सरासरी पिंगपेक्षा तो किती हिंदकळतो याकडे लक्ष द्या. ९० वर ठाम बसलेला पिंग लॅग कॉम्पेन्सेशनला सहज पेलतो. ३० ते १४० मध्ये उड्या मारणारा पिंग कुठलीही सेटिंग सांभाळू शकत नाही, आणि अशा माणसाशी खेळणाऱ्यांनाच तो जास्त जाचतो.

उड्यांची कारणं बहुधा घरातच सापडतात. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर दोन भिंतींपलीकडे आणि मध्ये वायफाय. केबल ओढा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. दुसरं कारण अपलोड. घरात कुणी लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असेल तर राउटरमध्ये रांग लागते आणि तुमची इवलीशी गोळी त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. राउटरमध्ये क्यूओएसची (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. मोबाइल हॉटस्पॉटवरून खेळणाऱ्याला प्रेमाने सांगा की आज प्रेक्षक हो.

पायरी दुसरी: लर्प जागेवर आणा

सगळ्यात स्वस्तात मिळणारी सुधारणा हीच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच विसरतात. प्रत्यक्ष लर्प दोन आकड्यांपैकी जो मोठा असेल तो: 'सीएल_इंटर्प', किंवा 'सीएल_इंटर्प_रेशो' भागिले 'सीएल_अपडेटरेट'. सोर्सचे जुने डिफॉल्ट ०.१ सेकंद आणि सेकंदाला २० अपडेट असे आहेत, डायल-अपच्या काळाला शोभणारे. त्यावर लर्प १०० मिलिसेकंद येतो. वरच्या उदाहरणात ३० ऐवजी १०० टाका: १७० चे २४० होतात आणि माणूस भिंतीमागे ५१ युनिट जाऊनही मरतो. पिंग तोच, नेट तेच, फक्त एकाने सेटिंग बदललेली नाही.

सर्व्हर सेकंदाला ६६ वेळा अपडेट देत असेल तर अपडेटरेट ६६ करा, 'सीएल_इंटर्प' शून्य ठेवा म्हणजे रेशोचं चालेल. रेशो १ ठेवला तर लर्प सुमारे १५ मिलिसेकंद, रेशो २ ठेवला तर सुमारे ३०. हे लोकांच्या मर्जीवर सोडायचं नसेल तर सर्व्हरवर 'एसव्ही_मिनअपडेटरेट' आणि 'एसव्ही_क्लायंट_मॅक्स_इंटर्प_रेशो' बांधून टाका.

१ की २? केबलवर, लॉस शून्य असेल तर १. एखादं पॅकेट मधूनमधून हरवत असेल तर २, कारण १ वर एक पॅकेट हरवलं की गेमच्या हातात पुढचा मुक्काम नसतो, मग शत्रू अंदाजाने पुढे सरकवला जातो आणि झटक्याने मागे येतो. १ वर नेट ग्राफमधला लर्पचा आकडा केशरी दिसतो. त्याने घाबरू नका, राखीव अपडेट कमी आहेत एवढंच तो सांगतो. टीम फोर्ट्रेसमध्ये हे आकडे जिवंत असताना बदलता येत नाहीत, स्पेक्टेटरमध्ये जाऊन बदला.

पायरी तिसरी: सर्व्हर कुठे ठेवायचा

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे पिंगमध्ये किमान एक मिलिसेकंद. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, तेव्हा १२५ च्या खाली पिंग जाणं निसर्गालाच मंजूर नाही. केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात तो २०० च्या आसपास किंवा वर असतो.

चार जण पुणे-नाशिकला, एक दुबईत आणि एक न्यू जर्सीत असा गट असेल तर दोन मार्ग उरतात. सर्व्हर मुंबईत ठेवून चौघांना सुखी करायचं आणि न्यू जर्सीवाल्याला लॅग कॉम्पेन्सेशनच्या भरवशावर सोडायचं. किंवा युरोपात मधेच कुठेतरी ठेवून सगळ्यांना सारखा पिंग द्यायचा. दुसरा मार्ग कानाला न्याय्य वाटतो, पण पिंगची बेरीज आठवा: पुण्यातल्या दोघांची आपसातली लढतही त्यात विनाकारण बिघडते. मी मुंबईच्या बाजूने मत देईन. स्पर्धा असेल, बक्षीस असेल, आणि सामना पुणे विरुद्ध न्यू जर्सी असाच असेल, तरच मधली जागा.

पायरी चौथी: मागे जाण्याला मर्यादा घाला

'एसव्ही_अनलॅग १' म्हणजे लॅग कॉम्पेन्सेशन चालू. ते बंद करू नका. बंद केल्याने जास्त पिंगवाल्याला शिक्षा होईल असं वाटतं, पण ४० पिंगवाल्यालाही माणसाच्या पुढे नेम धरावा लागतो आणि सगळ्यांचा खेळ बिघडतो.

खरी किल्ली 'एसव्ही_मॅक्सअनलॅग'. किती मागचा इतिहास जपायचा ते ती ठरवते. सोर्समध्ये तिचं डिफॉल्ट मूल्य १ आहे, म्हणजे पूर्ण एक सेकंद, आणि हे फारच उदार झालं. एका सेकंदात माणूस २१५ युनिट पळतो, दोन खोल्या ओलांडतो आणि मग मरतो.

आकडा असा काढा: ज्याला तुम्ही पूर्ण न्याय देऊ इच्छिता त्या सगळ्यात दूरच्या मित्राचा नेहमीचा पिंग, अधिक त्याचा लर्प, अधिक थोडा श्वास घ्यायला वाव. न्यू जर्सीवाला २१० वर असेल, लर्प ३० असेल, तर ०.२५ ते ०.२६ पुरे. त्याला बोलवायचंच नसेल आणि सगळे भारतातच असतील तर ०.१५ पुरे. या मर्यादेच्या पलीकडचा लॅग मारणाऱ्याने स्वतः भरायचा, म्हणजे तेवढ्यापुरता पुढे नेम धरायचा. नेट मुद्दाम अडवून खेळणाऱ्यांचा आणि जुन्या क्षणावर गोळी मारणाऱ्या चीटचा वावही यामुळे आक्रसतो.

हा आकडा एकट्या अॅडमिनने ठरवू नये. ग्रुपवर टाका, कुणाला त्याचा फटका बसणार हे नावानिशी सांगा, मग लावा. आकड्यापेक्षा तो गुपचूप बदलल्याची भांडणं जास्त होतात.

पायरी पाचवी: लाल-निळ्या खुणा

लावलेली सेटिंग चालते का हे डोळ्यांनी पाहता येतं. काउंटर-स्ट्राइकच्या सर्व्हरवर 'एसव्ही_चीट्स १' आणि 'एसव्ही_शोइम्पॅक्ट्स १' करा. आता प्रत्येक गोळीला दोन चौकटी उमटतात: तुमच्या कॉम्प्युटरच्या मते गोळी जिथे लागली तिथे लाल, सर्व्हरच्या मते लागली तिथे निळी. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडून घ्या आणि 'नेट_फेकलॅग १००' टाकून स्वतःला खोटा लॅग द्या.

एका मित्राला आडवं धावायला सांगा आणि छातीवर नेम धरून एकेक गोळी मारा. अनलॅग चालू असताना लाल आणि निळी चौकट जवळजवळ एकमेकींवर बसतात. मग 'एसव्ही_अनलॅग ०' करा. लाल चौकट अजून मित्राच्या अंगावरच, रक्तही उडताना दिसेल, पण निळी त्याच्या मागच्या भिंतीवर. तो हसत पुढे निघून जातो. आता अनलॅग परत चालू करा, मॅक्सअनलॅग ०.०५ वर आणा, फेकलॅग २०० करा, आणि निळी खूण पुन्हा भिंतीवर गेलेली बघा. मर्यादा ओलांडली म्हणजे काय होतं हे शंभर मेसेजपेक्षा या एका भिंतीवर लवकर पटतं. झाल्यावर 'एसव्ही_चीट्स ०' करायला विसरू नका.

पायरी सहावी: खेळ बदला

इथे खरी मजा आहे, कारण सेटिंग एकदाच लावायची असते आणि सवयी रोज वापरायच्या असतात.

पिंग जास्त असेल तर कोपरा धरून बसणं सोडा. तुम्हाला शत्रू उशिराच दिसणार, आणि त्याने आधी गोळी मारली तर तुमची मागाहून पोचणार. बाहेर पडा, पीक करा, पहिली गोळी तुमची असू द्या. आणि गोळीबार सुरू झाल्यावर भिंतीमागे परतण्यावर विसंबू नका. तुमच्या स्क्रीनवर दिसणारी सुरक्षितता उधारीची असते.

पिंग कमी असेल तर तुमची मोठी चूक म्हणजे कोपऱ्याच्या कडेला चिकटून वाट बघणं. कोपऱ्यापासून लांब उभे राहा. दोघांपैकी जो कोपऱ्यापासून दूर असतो त्याला दुसरा आधी दिसतो, ही शुद्ध भूमिती आहे आणि ती लॅगचा थोडा भाग फेडून देते. पीक करणाऱ्याने जिथे नेम आधीच लावून ठेवलेला नसेल अशा अडनिड्या जागी उभे राहा. एक गोळी मारली की जागा बदला. आणि आडोशाला जाताना कडेलाच थांबू नका, आणखी दोन पावलं आत जा. तुम्ही कुठे मराल हे ती दोन पावलंच ठरवतात.

टीम फोर्ट्रेसमध्ये गोष्ट आणखी रंगते, कारण तिथे सगळ्या हत्यारांना सारखा न्याय नाही. स्काउट, स्नायपर, हेवी या पात्रांच्या गोळ्या तत्क्षणी लागणाऱ्या, त्यांच्यासाठी सर्व्हर मागे जातो. सोल्जरचं रॉकेट आणि डेमोमॅनचे गोळे हवेतून प्रवास करतात, त्यांच्यासाठी जात नाही. म्हणून २०० पिंगवाल्या मित्राला सोल्जर खेळायला लावणं म्हणजे छळ आहे. त्याला स्नायपर द्या, हेवी द्या. पायरोने रॉकेट परतवायचं काम तर त्याला अजिबात देऊ नका, स्क्रीनवर दूर दिसणारं रॉकेट सर्व्हरवर नाकाशी आलेलं असतं. स्पायच्या सुऱ्याला मात्र मागे जाण्याचा लाभ मिळतो. तुम्ही वळून त्याच्याकडे तोंड केलंत, तरी त्याच्या स्क्रीनवर पाठ होती, आणि पाठीत वार झाल्याची घोषणा होते. स्पाय समोर दिसला तर वळून बघत बसण्यापेक्षा मागे सरकत गोळ्या घाला.

दुसऱ्यांच्या सर्व्हरवर

व्हॅलोरंट १२८ टिकवर, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा हिशोब करत, चालतो आणि मुंबईत त्याचे सर्व्हर आहेत. तुमच्या हातात 'नेटवर्क बफरिंग' (अपडेट हातचे राखण्याची सेटिंग) आहे: स्थिर नेट असेल तर किमान, शत्रू झटके देत सरकत असतील तरच पुढचं. २०२३ मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक २ दोन टिकच्या मधला तुमचा नेमका क्षणही नोंदवतो, पण पिंग आणि बफरचा हिशोब त्याने रद्द झालेला नाही. त्यातही एकदोन पॅकेट राखून ठेवायची सेटिंग आहे आणि ती वरच्या रेशोचीच बहीण. मॅचमेकिंगसाठी, म्हणजे गेमने खेळाडूंची जुळणी करताना, मान्य असलेला कमाल पिंगही तिथे ठरवता येतो. तो खाली आणा आणि थोडी वाट बघायची तयारी ठेवा. ओव्हरवॉच या शूटरने बाजू उघडपणे घेतली: साधारणपणे मारणाऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास, पण बचावाच्या काही खास शक्ती वेळेत वापरल्या तर कौल बचावणाऱ्याला. मला हा तोडगा पटतो. धावत भिंतीमागे जाणं आणि नेमक्या क्षणी बटण दाबून निसटणं, यातल्या दुसऱ्यात कौशल्य जास्त आहे, आणि ते हिरावलं गेलं की माणूस जास्त चिडतो.

वाद झालाच तर

सोर्स टीव्हीचं, म्हणजे सर्व्हरवरून होणारं, रेकॉर्डिंग लावून "बघ, गोळी हवेत गेली" असं दाखवणारे भेटतील. ते रेकॉर्डिंग मारणाऱ्याच्या नजरेचं नसतं, त्यामुळे लागलेली गोळीही त्यात बाजूने गेल्यासारखी दिसू शकते. निवाडा करायचा तर दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर 'रेकॉर्ड' कमांडने डेमो (आपल्या खेळाचं रेकॉर्डिंग) करावा, नेट ग्राफ चालू ठेवून. मग दोन्ही डेमो शेजारी लावा, दोघांचे पिंग आणि मारणाऱ्याचा लर्प यांची बेरीज करा, आणि मरणाऱ्याच्या डेमोत तेवढे मिलिसेकंद मागे जाऊन तो कुठे होता ते पाहा. अंग उघड्यावर असेल तर वाद मिटला. नसेल, तर लॉसचा आकडा बघा, आणि त्या दोघांपैकी कोण वायफायवर होता ते विचारा.